जिवंत नावापुढचा क्रूस

"बाई, तुम्ही आधी बसा… मग सांगतो," सेवेरियानो दारातूनच म्हणाला, आणि जेनेरोजाच्या काळजात चर्र झालं!

चुलीवर तिची सुईणपणाची कात्री आणि दोरा खळखळ उकळत होते. खालच्या गल्लीतल्या लोहाराची सून अडली होती, तिकडे जायची घाई होती. पण हा शेजारी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, भर कामाच्या वेळी हातात नुकताच छापलेला ओला कागद घेऊन उभा होता आणि त्याची नजर काही वर होत नव्हती.

"माझ्या तेओदुलोला काही झालं का हो, भाऊ?"

"त्याला काय धाड भरलीय! त्याचा प्रबंध छापतोय मी."

आता आमच्या ह्या ब्राझीलमधल्या बाहियाची रीत काय सांगावी! सहा वर्षं घासून पोरगा डॉक्टर होणार, तर शेवटी त्याने प्रबंध छापून घ्यायचा. आणि रोगाचा विषय सुरू व्हायच्या आधी ही पानंच्या पानं अर्पणपत्रिका! वडिलांना, आईला, धर्मपित्याला, गुरूंना, होणाऱ्या सासऱ्यालासुद्धा. हयात माणसाचं नुसतं नाव घालायचं. गेलेल्याच्या नावापुढे छोटा काळा क्रूस.

"हे पान बघा," सेवेरियानोचा आवाज चिरकला. "वडिलांच्या नावापुढे क्रूस आहे, ते ठीकच. पण खाली… 'माझ्या मातेच्या पुण्यस्मृतीस'. आणि तिथेही क्रूस! मी म्हटलं, चुकून लिहिलं असेल. विचारलं, तर म्हणाला, 'काका, लिहिलंय तसं जुळवा.' बाई, पस्तीस वर्षं ह्या धंद्यात आहे. जिवंत माणसापुढे क्रूस लावणाऱ्याचा हात झडतो म्हणतात आमच्यात. तुम्ही नुसतं नको म्हणा, उपटून फेकतो!"

जेनेरोजाला अक्षरं येत नव्हती… पण क्रूस येत होता. तिने ओल्या कागदावर बोट ठेवलं. वरचा क्रूस तिच्या नवऱ्याचा, तो गोरा पोर्तुगीज कारकून, ज्याचा रंग पोराने घेतला होता. आणि हा खालचा तिचा स्वतःचा.

आणि मग तिला तीन महिन्यांपूर्वीची ती दुपार आठवली. वैद्यकीय विद्यालयासमोरच्या चौकात तेओदुलो, सगळे ज्याला कर्नल म्हणत त्या ऊसमळ्याच्या मालकाबरोबर चालला होता. मागे कर्नलची मुलगी, पांढऱ्या छत्रीखाली. जेनेरोजाने आनंदाने हात हलवला होता. आणि तो… तिच्यातून आरपार पाहत पुढे गेला होता! उन्हात दिसलं नसेल, असं तिने मनाला किती वेळा बजावलं होतं. गुलामगिरीतून सुटलेली काळी सुईण कर्नलच्या घरी विहीणबाई म्हणून कशी चालणार? पोराने तिला सरळ मारून टाकलं होतं.

"लावा," ती म्हणाली.

"काय?"

"लावा क्रूस, भाऊ. मरायचं तर आहेच कधीतरी, चार दिवस आधी मेले समजा. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न माझ्यापायी अडायला नको. आणि मला कळलंय, हे त्याला कळू देऊ नका."

तिने कात्री फडक्यात गुंडाळली आणि बाळंतिणीकडे निघाली. त्या दिवशी लोहाराच्या घरी मुलगा झाला. त्याचं पहिलं रडणं ऐकताना मात्र तिचे डोळे असे काही वाहू लागले, की लोहारीण म्हणाली, "अगं बाई, नातू मला झालाय, तू का रडतेस?"

रविवारी तेओदुलो जेवायला आला. तिने त्याच्या आवडीचा घेवडा केला होता, वर ताडतेलातली कोळंबी. बगलेतलं नवंकोरं पुस्तक त्याने तिच्या मांडीवर ठेवलं.

"आई, झाला एकदाचा छापून! नवजात बाळांचा सातव्या दिवसाचा आजार… सगळा तू केलेल्या बाळंतपणांवरच उभा आहे बघ."

खरंच होतं ते. लोक कापलेल्या नाळेला राख लावायचे, तपकीर लावायचे, आणि सातव्या दिवशी बाळाचा जबडा आवळायचा. जेनेरोजाच्या हातची बाळं मात्र कधी त्या आजाराने गेली नाहीत. दोन वर्षं तिने सांगावं आणि त्याने लिहावं, असं चाललं होतं.

"पहिलं पान वाच ना रे. माझं नाव आहे म्हणे त्यात!"

तेओदुलोचा चेहरा उतरला. पान उलटून तो वाचू लागला. पुस्तकावर नजर, पण वाचत मात्र होता दुसरंच. "माझ्या… माझ्या प्रिय आईस, जिच्या कष्टांमुळे…"

"छान लिहिलंस हो," ती म्हणाली. बोट हळूच त्या क्रुसावर गेलं. "आणि हे काय रे?"

"ते? ती नक्षी गं, शोभेसाठी!"

"असं होय," म्हणत तिने त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी घरीच राहायचं तिने ठरवलं होतं. पण आईचं मन ते! डोक्याला पांढरा रुमाल बांधून, शालीत तोंड लपवून ती विद्यालयाच्या दालनाच्या दाराशी नोकराचाकरांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. शेजारी सेवेरियानो होता. पहिल्या रांगेत कर्नल बसला होता. होणाऱ्या जावयासाठी आणलेली, डॉक्टरांनी बोटात घालायच्या हिरव्या खड्याच्या अंगठीची डबी त्याच्या गुडघ्यावर होती.

वृद्ध परीक्षकांनी चष्मा सारखा केला. "चारशे बाळंतपणं, आणि सातव्या दिवसाचा आजार एकालाही नाही! ही सुईण कोण?"

"ती… हयात नाही, सर."

"वा! म्हणजे तपासायचं कुणाला विचारून? मेलेल्या बाईच्या ऐकीव गोष्टींवर इथे पदवी मिळत नाही, महाशय! ही प्रकरणं वगळली तर ह्या प्रबंधात उरतं काय, अर्पणपत्रिका?"

लोक हसले. तेओदुलोचा चेहरा पांढराफटक पडला. गप्प राहावं तर पोराची सहा वर्षं पाण्यात… आणि बोलावं तर त्याचं खोटं चव्हाट्यावर! जेनेरोजाने पाऊल उचललं. सेवेरियानोने तिची शाल धरली, ती तिने सोडवून घेतली.

"साहेब, ती सुईण मी आहे," ती पुढे होऊन म्हणाली. "मी मेले असं ह्यांना कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. मी… ह्यांची कुणी नाही. विचारा काय विचारायचं ते."

परीक्षकांनी तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"कात्रीचं काय करता, बाई?"

"उकळते साहेब. दोरासुद्धा. घेवडा मऊ व्हायला लागतो तितका वेळ. हात राखेने आणि साबणाने धुते. नाळेला काही लावत नाही, स्वच्छ फडकं तेवढं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझी पहिली मुलगी सातव्या दिवशी गेली, साहेब. तिची नाळ मालकाच्या गोठ्यातल्या कात्रीने कापली होती. दूध पिता येईना तिला… तोंडच उघडेना! मग मी ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. दुसरं मूल झालं तेव्हा कात्री मीच उकळली आणि नाळही मीच कापली."

"ते जगलं?"

"जगलं, साहेब."

"आता कुठे असतं?"

समोर चार हातांवर तो उभा होता, तिने रात्रंदिवस लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून घेऊन दिलेला काळा झगा घालून.

"दूर," ती कशीबशी म्हणाली. "फार दूर असतं…"

"आई!"

ती हाक अशी फुटली, की कर्नलच्या गुडघ्यावरची डबी खाली पडली. तेओदुलो सगळ्यांसमोर तिच्या पायाशी कोसळला. "ते मूल मी आहे, सर! ही माझी आई! हिला मी मारलं… लाजेपोटी, ह्या माझ्या हाताने मारलं! मला नको ती पदवी!"

"ऊठ रे वेड्या, झगा मळेल," जेनेरोजा रडता रडता म्हणाली.

कर्नलने डबी उचलली, खिशात घातली, आणि टोपी घेऊन तो चालता झाला. त्याला कुणी अडवलं नाही, तेओदुलोनेसुद्धा नाही.

परीक्षक बराच वेळ पुस्तकाची पानं चाळत होते.

"प्रकरणं ग्राह्य आहेत," ते शेवटी म्हणाले. "पण प्रबंधात एक गंभीर चूक आहे. जिवंत बाईला मृत ठरवणारा डॉक्टर मी रोग्याच्या उशाशी बसू देणार नाही. शुद्धिपत्र छापून आणा, प्रत्येक प्रतीला चिकटवा. मगच पदवी."

शुद्धिपत्र सेवेरियानोने त्याच दुपारी जुळवलं. "आयुष्यात एवढ्या आनंदाने खिळे लावले नव्हते," असं तो पुढे सगळ्या गल्लीला सांगत सुटला. चिकटवण्याचं काम जेनेरोजाच्या ओसरीवर चाललं, कसावा कंदाच्या पिठाची खळ करून. त्या पानावरची ती जागाच नव्या चिठ्ठीखाली झाकली जात होती.

एक प्रत तिने मांडीवर घेतली आणि पहिलं पान उघडलं. बोट त्याच जागी गेलं, इकडे फिरलं, तिकडे फिरलं.

"काय रे, इथली शोभेची नक्षी कुठे गेली?"

तेओदुलोची मान खाली गेली. "तुला… तुला तेव्हा माहीत होतं? आणि तरी मला जेवायला वाढत होतीस?"

"उपाशी ठेवू की काय मग? वाच बघू. ह्या वेळी लिहिलंय तेच वाच."

त्याने डोळे पुसले. आवाज दोनदा अडखळला, तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं.

"पान एक. क्रूस चुकून पडला आहे, तो काढून वाचावे. माझी आई जेनेरोजा हिला. ती हयात आहे, आणि तिच्यामुळे मी हयात आहे."

जेनेरोजाने ते त्याला तीनदा वाचायला लावलं. मग पुस्तक फडक्यात गुंडाळून कात्रीशेजारी ठेवलं आणि ती घेवडा पाहायला आत गेली.