सिगेईबाबांची ओळ

केनियातल्या केरिचोच्या बाजारामागे, एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर चेलांगातचं ऑफिस होतं. कंपनी चिमुकली, पण आसपासचे चहाचे मळे, शाळा, दवाखाने या सगळ्यांना इंटरनेट पुरवायची तीच. टेकडीटेकडीवर एकेक मनोरा, त्याच्याशेजारी डिझेलचा जनरेटर, आणि तो सांभाळायला एक राखणदार. कुठला मनोरा चालू, कुठला बंद, हे पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम चेलांगातने स्वतः लिहिला होता, आणि त्याला कुणी नावं ठेवलेली तिला बिलकूल खपत नसत.

यात एक गंमत होती. इतर ठिकाणी मनोऱ्यांना नंबर असतात, इथे राखणदारांची नावं होती. मनोरा बंद पडला की फोन माणसालाच करायचा, मग नंबर हवा कशाला, असा साधा हिशेब. त्यामुळे ऑफिसात सकाळी सकाळी "टोनुई आडवा झाला" किंवा "मारिताला परत उंदरांनी कुरतडलं" अशी बोलणी चालत, आणि नवं गिऱ्हाईक जिन्यातच थबके.

सगळ्यात उंच टेकडी सिगेईबाबांची. फोन केला की म्हातारा आधी "चामगेई?" म्हणणार, म्हणजे बरी आहेस ना. समोरून "मिसिंग", अगदी बरी, असं आल्याखेरीज पुढे एक अक्षर बोलायचा नाही. मनोऱ्यावर वीज का पडलेली असेना, आधी चामगेई. उत्तर आलं नाही तर पुन्हा चामगेई. प्रोग्रामही दिवसभर प्रत्येक मनोऱ्याला हेच विचारत बसे. ही युक्ती आपण म्हाताऱ्याकडून उचलली, हे चेलांगात चारचौघांत कबूल करायची.

सिगेईबाबा गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या जागी वेस्ली आला, चेलांगातचा सख्खा थोरला भाऊ. मळ्यात पानं खुडायची यंत्रं आली आणि त्याचं काम गेलं, तेव्हा तिनेच साहेबांच्या मागे लागून त्याला चिकटवलं होतं. आईने तेव्हाच बजावलं, "त्या धुक्यात तू पाठवतेयस त्याला. काही कमीजास्त झालं तर मी तुलाच विचारीन."

त्या दुपारी प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवायची होती. एक मनोरा बंद पडला की सगळ्या गावाला निरोप धाडत सुटायची जुनी खोड तिने मोडली होती. नवी सोयही केली होती. मनोऱ्यापाशी अनोळखी यंत्र सुरू झालं, तर प्रोग्रामने ते आपणहून हुडकायचं, त्याची ओळ मांडायची आणि नावाची जागा मोकळी ठेवायची. शेवटचं काम मात्र ती कधीची टाळत होती. सिगेईबाबांचं नाव पुसून तिथे वेस्लीचं घालायचं. घातलं एकदाचं. डोळे भरून आले, तर तिने ते कांद्याच्या भज्यांवर ढकललं. भजी कुणी आणलीच नव्हती, ड्रायव्हर कोरोसने तळलेल्या गोड मांदाझी आणल्या होत्या.

नवी आवृत्ती सुरू झाली. टोनुई हिरवा. मारिता हिरवा. वेस्ली हिरवा. आणि वेस्लीच्या खाली सिगेई, तोही हिरवा.

"बाई," कोरोस तोंडातला घास सांभाळत म्हणाला, "तुमचा म्हातारा कामावर हजर झाला की."

"नीट पुसलं गेलं नसेल. चूक माझीच." तिने ओळ पुन्हा पुसली. ती पुन्हा आली. बाकीचे मनोरे विचारल्यावर उत्तर देत होते. ही ओळ विचारायच्या आधीच उत्तर देत होती.

तिच्याखाली आणखी एक ओळ उमटली. बिननावाची. लुकलुकायची आणि विझायची.

वर काय नवीन सुरू केलंस, हे विचारायला तिने वेस्लीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला.

"झोपला असेल दुपारचा," कोरोस म्हणाला. "मनोरा तर ठणठणीत आहे. जनरेटर चालू, डिझेल भरपूर."

चेलांगात पडद्याकडे बघत होती. बिननावाची ओळ आता लवकर लवकर लुकलुकत होती. मधला अंधार आखडत चालला होता.

"कोरोस... ही ओळ पक्की होतेय. म्हाताऱ्याशेजारी आणखी कुणीतरी येतंय."

कोरोसने हातातली मांदाझी खाली ठेवली आणि गाडीची किल्ली उचलली.

भरदुपारी टेकडीवर धुकं असं उतरलं होतं की गाडीपुढचा रस्ताही दिसेना. ओल्या चहाचा वास होता. मग हळूहळू त्यात डिझेलच्या धुराचा वास मिसळला. जनरेटरची घरघर ऐकू येत होती, त्याची खोली दिसत नव्हती. चेलांगात आवाजाच्या रोखाने धावली आणि भावाच्या पायांना अडखळली.

वेस्ली उंबऱ्यावर पालथा पडला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. आतून काळा धूर लोटत होता. दोघांनी बखोटीला धरून त्याला गवतात ओढलं. कितीतरी वेळ तो नुसता पडून होता. मग खोकला, ओकला, आणि बहिणीला बघून ओशाळला.

"थंडी फार होती गं," तो म्हणाला. "जनरेटरपाशी ऊब असते. दार लावून घेतलं, कडी घातली. मग डोळा लागला."

"कडी घातली होतीस? मग दार कुणी उघडलं?"

"मीच. बाहेरून कोण तरी म्हातारा सारखं चामगेई, चामगेई करत होता. थांबेचना. शेवटी वैतागून मिसिंग म्हणायला उठलो..."

कोरोसने टोपी काढली. चेलांगात भावाला घट्ट धरून ढसाढसा रडली आणि मग त्याला आईच्याच शब्दांत झाडलं.

ऑफिसात परतल्यावर पाहिलं तर बिननावाची ओळ गेली होती. सिगेईबाबांची होती तशीच होती. त्या संध्याकाळी चेलांगातने सगळ्या जनरेटर खोल्यांची दारं काढायला लावली, आणि नव्या आवृत्तीच्या टिपणात लिहिलं: एक राखणदार जादा दिसतो. ही चूक दुरुस्त करायची नाही.

शनिवारी वेस्ली आईने दिलेला मुरसिकचा भोपळा घेऊन माडीवर आला. कोळसा लावून मुरवलेलं ते आंबट दूध पेल्यापेल्यांत ओतलं गेलं. साहेबही येऊन टेकले. वेस्लीच्या उबेच्या आवडीवरून कोरोस सगळ्यांना हसवत होता, आणि वेस्लीच सगळ्यात मोठ्याने हसत होता.

तेवढ्यात चेलांगातचा पेला हातातच राहिला. सिगेईबाबांच्या खाली बिननावाची ओळ पुन्हा लुकलुकली होती.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. एकेका राखणदाराला फोन गेला. चामगेई? मिसिंग. टोनुई जेवत होता, मारिता उंदरांना शिव्या घालत होता. सगळे बरे. मग खोलीतल्यांनीही एकमेकांना विचारून घेतलं. साहेबांनी दुधाच्या पांढऱ्या मिशीनिशी "मिसिंग" म्हटलं, तेव्हा हशा पिकला.

ओळ लुकलुकतच होती. मघापेक्षा लवकर.

"आईला लाव," वेस्ली हळूच म्हणाला.

आईने पहिल्याच घंटीला उचलला. "मिसिंग, मिसिंग. आत्ता तर दूध दिलं पाठवून, मला काय धाड भरलीय?"

चेलांगातचा जीव भांड्यात पडला. पण नजर पडद्यावरच होती.

कोरोसने खिशातून फोन काढला आणि बायकोचा नंबर लावला. साहेब जिन्यात जाऊन मुलीला विचारू लागले. खालून शिंपी वर आला, काय चाललंय म्हणून. त्याला सांगितल्यावर तोही आपला फोन शोधायला खाली पळाला. माडीभर नुसतं चामगेई, चामगेई चाललं होतं, आणि प्रत्येकाला पलीकडून उत्तर मिळत होतं.

पडद्यावरची ओळ आता विझायची थांबली होती. पक्की झाली होती, नावाची जागा मात्र मोकळीच होती.