प्रश्न क्रमांक चौदा

प्रेम ही जगातली अशी एकमेव गोष्ट आहे, जिची चौकशी करता येत नाही. मोहिनीने केली. बावीस प्रश्नांचा छापील फॉर्म होता, आणि चौदावा प्रश्न शौचालयाचा होता.

मोहिनी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याची. वय चोवीस, बी.ए. झालेली, आणि वर्ध्याच्या एका संस्थेत समाजकार्य सहायकाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेत असलेली. समाजकार्य सहायक म्हणजे काय, हे तिने वडिलांना, किसनरावांना, तीनदा समजावून सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, "म्हणजे लोकायच्या घरी जाऊन इचारायचं, तुमचं कसं चालू हाय? हे त आपल्या गावात सारेच करतेत. शिकाले कायले लागते?"

शेवटी बापलेकीत तह झाला. प्रशिक्षण संपल्यावर संस्थेत जागा एकच होती, उमेदवार आठ. सगळ्या गृहभेटी पूर्ण करून एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत जो नीट तडीस नेईल, त्याला जागा. ती मोहिनीला मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर दिवाळीनंतर पाहुणे येतील, आणि मोहिनी मान खाली घालून पोह्यांचा ट्रे फिरवेल.

मोहिनीला ट्रे फिरवायचा नव्हता. एवढ्या एका निश्चयावर ती पहाटे उठत होती.

शिकवायला प्रमिलाबाई होत्या. त्यांचे नियम दोनच. पहिला — दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. दुसरा — केस उघडी आहे तोवर त्या घराशी दुसरं कुठलंही नातं जोडायचं नाही. दुसरा नियम ऐकून आठही जण हसले होते. केसच्या घरी नातं जोडायला कोण जातं?

सप्टेंबरातल्या एका सकाळी मोहिनी हिंगणीच्या स्टॉपवर उतरली. बोरच्या जंगलाकडून आलेल्या वाऱ्याने तिची छत्री उलटी केली. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात छत्रीचा सांगाडा, केसांतून पाणी... आणि समोर मोटारसायकलवर खताचं पोतं घेऊन थांबलेला एक उंच माणूस, जो हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न करत होता.

"महादेवरावांचं घर कुठे आहे?" तिने विचारलं. गृहभेटीला ती कडक प्रमाण मराठीत बोलायची. त्याने वजन पडतं, असा तिचा समज होता.

"काऊन?"

"पाहणी करायची आहे."

"कायची?"

"घराची. माणसांची. सगळ्यांचीच."

त्याचं हसू एकदम गेलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं, स्वतःच्या चिखलाने भरलेल्या पँटकडे पाहिलं, "सरळ जा, निळं दार," एवढं म्हणाला आणि पोत्यासकट भरधाव निघून गेला.

हा भूपेंद्र. महादेवरावांचा एकुलता एक मुलगा, वय अठ्ठावीस, व्यवसाय शेती. शेवटच्या दोन शब्दांमुळे आजवर अकरा ठिकाणांहून नकार आलेला. त्या घरात 'पाहणी' या शब्दाला एकच अर्थ उरला होता.

मोहिनी पोचली तेव्हा महादेवराव टोपी घालून बसले होते. त्यांच्या बायकोने, सुलोचनाबाईंनी, आत फोडणी घातली होती. भूपेंद्र धुतलेल्या शर्टात, भिंतीला टेकून, ओल्या केसांनी... मोहिनीने तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पहिल्यांदाच जरा जास्त वेळ पाहून झालं होतं.

"शेती किती?"

"साडेचार एकर," महादेवराव म्हणाले. "ओलिताची. लिहा, ओलिताची."

"घर कच्चं की पक्कं?"

"पक्कं. वर अजून एक खोली काढू. नव्या माणसाले लागतेच ना!"

मोहिनीने लिहिलं : पक्कं.

"घरात कुणाला व्यसन?"

"जिल्ह्यात दारूबंदी हाय, बाई."

"म्हणूनच विचारावं लागतं."

"चहा," भिंतीजवळून आवाज आला. "दिवसातून चारदा. पण सोडू शकतो."

"चहा चालतो," मोहिनी म्हणाली, आणि का कोण जाणे, सुलोचनाबाईंचा चेहरा उजळला.

प्रश्न क्रमांक चौदासाठी ती स्वतः उठून मागच्या अंगणात गेली. शौचालय होतं. दार होतं. दाराला आतून कडी नव्हती.

"लावतो," भूपेंद्र घाईने म्हणाला. "उद्याच लावतो."

परत येऊन बसते तोवर समोर पोहे आले, वर वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांची बशी. एवढा पाहुणचार कुठल्या घरात झाला नव्हता. गाव चांगलं आहे, असं तिला वाटलं. नियमानुसार तिने ते लिहिलं नाही.

"प्रश्न सतरा. कुटुंबात कुणाला दीर्घ आजार, अपंगत्व?"

सुलोचनाबाईंनी आतल्या खोलीचा पडदा नीट केला. महादेवराव म्हणाले, "कोणाले नाई."

तेवढ्यात पडद्याआडून, गावच्या वेशीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात, एका म्हातारीने विचारलं, "महादेवा! पोट्टीनं पसंत केला का रे आपला पोट्टा?"

मोहिनीच्या हातातला पोह्यांचा चमचा तिथेच थांबला. तिने पोह्यांकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. धुतलेल्या शर्टाकडे पाहिलं. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत म्हणाली, "मी... मी संस्थेतून आले आहे."

महादेवरावांनी सावकाश टोपी काढली. सुलोचनाबाई एवढंच म्हणाल्या, "खाऊन घे वं माय. आता केलेच हाय त."

परतताना भूपेंद्र स्टॉपपर्यंत आला. तीन हातांचं अंतर ठेवून.

"तुम्ही पाहणी म्हणाल्या."

"पाहणीच होती ती."

"मंग पसंती-नापसंती कळवा लागते जी. फॉर्मात रकाना नाई का?"

"'इतर शेरा' म्हणून आहे."

"त्यात काय लिवलं?"

"शौचालयाला कडी नाही."

तो मनापासून हसला. एसटी आली. तिने मागे वळून पाहिलं नाही — खिडकीतून पाहिलं.

केस मिळाली होती. पडद्याआडची ती म्हातारी म्हणजे महादेवरावांची बहीण, धुरपता. वय अडुसष्ट, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरी, आणि हे तिला स्वतःला अजिबात मान्य नव्हतं. "मले साफ ऐकू येते," ती ओरडून सांगायची. "लोकंच हळू बोलून राह्यले आजकाल." सेलूला महिन्यातून एकदा कानतपासणीचं शिबिर भरायचं. तिथे तपासणी झाली की मशीन मिळणार होतं. मशीन बसलं की केस पूर्ण.

मोहिनी दर मंगळवारी जाऊ लागली. ती धुरपताच्या कानाशी तोंड नेऊन मशीनचे फायदे ओरडायची आणि धुरपता कापसाचे भाव सांगायची. भूपेंद्र दुभाष्याचं काम करायचा. त्याची गरज नव्हती, कारण तिघंही एकच भाषा बोलत होते. पण दर मंगळवारी त्याला शेतात नेमकं काही काम नसायचं.

"तुम्ही अशा पुस्तकासारख्या काऊन बोलता?" त्याने एकदा विचारलं. "रोहण्याच्या ना तुम्ही?"

"कामाची भाषा आहे."

"आणि बिनकामाची?"

"ती घरी ठेवून येते."

"एखाद्या मंगळवारी विसरून सोबत आणजा..."

ती फाईलमध्ये बघत राहिली. त्या दिवशीच्या अहवालात तिने लिहिलं : 'लाभार्थीचा भाचा घरी उपस्थित. शर्ट निळा.' प्रमिलाबाईंनी लाल शाईने विचारलं : 'शर्टाचा केसशी संबंध?' पहिल्या नियमाप्रमाणे मोहिनीने दिसलं ते लिहिलं होतं.

पाचव्या मंगळवारी धुरपता तयार झाली. कारण मोहिनीने शेवटी ओरडून सांगितलं, की शेजारणी तुमच्याबद्दल काय बोलतात ते मशीन लावल्यावर कळेल.

शिबिराच्या दिवशी मोहिनी सकाळी आठपासून सेलूला नंबर लावून बसली. धुरपताला गाडी करून आणायचं काम भूपेंद्रकडे होतं. दहा वाजले. बारा वाजले. तिने फोन केला, भूपेंद्र म्हणाला, "आत्या नाई म्हणते." तीन वाजता टेबलं उचलली गेली. पुढचं शिबिर अठ्ठावीसला, आणि अहवाल द्यायचा होता तीसला.

दुसऱ्या दिवशी ती हिंगणीला पोचली, तेव्हा धुरपताने तिला पाहताच आवाज चढवला. "काल सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती मी! गाडी काऊन नाई आली वं?"

मोहिनी हळूच वळली. दारात भूपेंद्र उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

"तुम्ही सांगितलंत, त्या नाही म्हणाल्या."

"मशीन बसली की केस बंद," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "केस बंद झाली की... मंगळवार बंद."

आता या ठिकाणी नायिका विरघळते, असा रिवाज आहे. मोहिनी विरघळली नाही.

"काऊन?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की धुरपतानेही मान वर केली. "काऊन केलं असं? माह्या नोकरीचा प्रश्न हाय हा! सहा महिने झाले, एसटीत उभी राहून मरून राह्यली मी! अन् ते बुडी दिवसभर नवं लुगडं नेसून बसली, तिचं काय? तुले एक मंगळवार पाहिजे म्हणून तिनं बहिरंच राहावं का?"

भूपेंद्रने मान वर केली. ओशाळलेला होता, पण डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आता बोलल्या तुम्ही..."

"हसू नको! नीट ऐक. केस उघडी हाय तोवर मले तुह्याशी फॉर्मातलंच बोलता येते. तसा नियम हाय. दुसरं काही बोलायचं असन, त पहिले केस बंद कर."

ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या आत्ता लक्षात आलं होतं. त्याच्या तर आधीच आलं होतं. अहवालात मोहिनीने लिहिलं : 'शिबिर चुकले. कारण : वाहन.'

हे मात्र दिसलेलं नव्हतं.

अठ्ठावीसला सकाळी साडेसहाला, शिबिराचं कुलूप उघडायच्या आधी, सेलूला पायरीवर दोन माणसं बसलेली होती. एक नव्या लुगड्यातली म्हातारी आणि दुसरा धुतलेल्या शर्टातला भूपेंद्र. नंबर पहिला.

तीसला मोहिनी शेवटच्या भेटीला गेली. तुरीला पिवळा फुलोरा आला होता. धुरपता ओसरीवर गहू निवडत बसली होती, कानामागे मशीन. मोहिनीने फाईल उघडली. 'लाभ मिळाला : होय.' कुटुंबीय म्हणून भूपेंद्रने सही केली. पेन परत देताना बोटाला बोट लागलं, आणि पेन खाली पडलं. ते उचलायला दोघंही एकदम वाकले.

"केस बंद?" त्याने विचारलं.

तिने घड्याळ पाहून वेळ लिहिली. अकरा वाजून दहा मिनिटं. फाईलची दोरी बांधली. दोन गाठी मारल्या.

"बंद."

"मंग... बोलू?"

"बोल ना. कोण अडवून राह्यलं?"

"मले मंगळवार पाहिजे," तो म्हणाला. "सारे."

"मंगळवारी मी नोकरीवर जाईन. बुधवारीही जाईन. लग्नानंतरही जाईन. जागा मिळाली त ह्या अन् नाई मिळाली त दुसऱ्या. चालते?"

"मी स्टॉपवर सोडून देत जाईन. छत्रीसकट."

ती हसली. तुरीवरून वारा आला... आणि तो एक पाऊल पुढे आला —

"हळू बोला रे," गव्हातून मान वर न करता धुरपता म्हणाली. "सारं ऐकू येऊन राह्यलं मले."

जागा मोहिनीला मिळाली. प्रमिलाबाईंनी सगळे अहवाल ओळीने वाचले, निळ्या शर्टापाशी थांबल्या, केस बंद झाल्याची वेळ पाहिली, आणि काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर किसनरावांनी रीतीप्रमाणे हिंगणीला मुलाच्या घरी चौकशीला आपला चुलतभाऊ तानबा याला पाठवलं. तानबाने शेती विचारली, घर पाहिलं, व्यसनाचं विचारलं, पोहे खाल्ले आणि मागच्या अंगणात जाऊन आला. परतल्यावर त्याने रोहण्यात सांगितलं, की माणसं चांगली आहेत, मुलगा चांगला आहे, आत्याला सगळं ऐकू येतं.

शौचालयाला आतून कडी नाही.