सगळ्या किल्ल्या जागेवर होत्या

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या वहिनीसोबत घडलेली. ती तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही, म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

वहिनी एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे जमिनीखाली लांबलचक गोल बोगदा आहे, त्यात कणांचे झोत एकमेकांवर आदळवतात. नवा मूलकण सापडला त्या हिवाळ्यातली ही संध्याकाळ. सत्कार झाले, फोटो झाले आणि मग तोच कण पुन्हा दाखवा म्हणून वरचे लोक हात धुऊन मागे लागले.

"तो कण कोणाला दिसलाय का तरी?" असं मी तिला चिडवायचो.

ती म्हणायची, दिसत नाही, पण काहीतरी निसटून गेलं एवढं कळतं.

झोत सुरू असताना आत माणूस राहिला तर तो वाचत नाही. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाने फळ्यावरची एक किल्ली सोबत न्यायची. सगळ्या किल्ल्या परत आल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. त्यावरही वहिनी आत फेरी मारते, हाक देते आणि मगच बटण दाबते.

त्या दिवशी सगळ्या किल्ल्या जागेवर होत्या.

वळणापाशी तिने नेहमीची हाक दिली.

"कोणी आहे का?"

पंख्यांची घरघर...

आणि पलीकडून कोणीतरी म्हणालं, "आहे."

वहिनी धावली. झोत वळवणाऱ्या चुंबकांच्या मागे पाहिलं, खाली वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

कोणी नव्हतं.

साहेब म्हणाले, किल्ल्या पूर्ण आहेत, तुम्ही दमलाय. तिलाही ते पटलं.

तिने बटण दाबलं.

तिचा धाकटा भाऊ तिथेच वेल्डर होता. आईच्या माघारी तिनेच त्याला लहानाचा मोठा केला, नोकरीलाही तिनेच लावलं. घरी जायच्या वेळी तो फाटकाशी थांबायचा. त्या दिवशी नव्हता. फोनही लागेना.

तिने त्याच्यासोबत काम करणाऱ्या वेल्डरला विचारलं.

"माझ्याच किल्लीवर माझ्या मागोमाग आत आला होता," तो म्हणाला. "घाई होती ना. मला वाटलं, माझ्या आधीच बाहेर पडला."

वहिनीने झोत बंद करायला लावला.

दार उघडलं, तेव्हा धाकटा वळणावर बसला होता. जिथे तिने दोनदा पाहिलं होतं, तिथेच.

अंगावर ओरखडासुद्धा नाही.

ती त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

आत जाणाऱ्याच्या छातीवर किरणं मोजणारा बिल्ला असतो. नुसता कपाटात पडून राहिला तरी त्यावर थोडंफार उमटतंच. धाकट्याच्या बिल्ल्यावर...

काहीच नव्हतं.

बिल्ला खराब निघाला, असं म्हणून विषय मिटवला गेला. धाकट्याने नोकरी सोडली. आता तो आमच्याकडेच राहतो. जेवतो, हसतो, पत्ते खेळतो.

फक्त वहिनीला ताई म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी आणि तो पत्ते खेळत होतो. फोन वाजला. वहिनी बोगद्यातून बोलत होती.

"भावजी, धाकटा घरी आहे का?"

"माझ्यासमोर बसलाय."

तिच्या मागे पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

"मग इथे वळणावर 'ताई, मी आहे' असं कोण म्हणतंय? त्याचाच आवाज आहे हो. मी त्याला ओळखणार नाही का?" ती म्हणाली. "किल्ल्या सगळ्या जागेवर आहेत. वर सगळे माझ्यासाठी खोळंबलेत. मी काय करू?"



फोन माझ्या कानाला घट्ट लावलेला होता. धाकट्याला काही ऐकू जायचं कारणच नव्हतं.

त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. माझ्याकडे पाहिलं...

"बटण दाब म्हणावं तिला," तो म्हणाला.

त्या रात्री वहिनी घरी आली आणि न जेवताच झोपली. तिने काय केलं, ते विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.