एकीडो

नेकनूरला टँकर आला की माणसं माणसांना ओळखत नसत. त्या झुंबडीत पुण्याहून सुट्टीत मामाकडे आलेली गंगासागर म्हाताऱ्या दगडाबाईची घागर पुढे सरकवत होती, तोच कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"नंबर कावून मोडता, बाई?"

ती नुसती अर्धी वळली... आणि तो तरुण अलगद चिखलात! डोकं आपटू नये म्हणून तिनं मानेखाली हातही दिला होता.

"पाडलं का मला?"

"पाडलं नाही, बसवलं. लागलं?"

त्यानं पाठ चाचपली. "न्हाई की..." बायका खदाखदा हसल्या. तो दूध सोसायटीचा सेक्रेटरी होता, मन्मथ.

"ही कसली इद्या?"

"ऐकिडो. जपानी. अंगावर येणाऱ्याचा जोर अडवायचा नाही, वळवायचा. आपण वाचायचं, त्यालाही वाचवायचं."

"एकी? आमच्या सोसायटीत तीच तर न्हाई!"

दुष्काळानं दूध आटलं होतं, सोसायटीचा हॉल ओस पडला होता. गंगासागर तिथं गावातल्या मुलींना ऐकिडो शिकवेल म्हणून मन्मथनं तो उघडून दिला आणि स्वतःही मुलींच्या मागे शेवटच्या रांगेत उभा राहू लागला. पण शिकेल तर शपथ! गंगासागरचं मनगट तो तापलेलं पातेलं धरावं तसं धरायचा.

"नीट धरा हो. खरं धरलंच नाही, तर मी वळू कशी?"

"तुमाला लागलं मंजी?"

तिला राग यायचा आणि त्या रागातच तो फार आवडायचा. सुट्टी संपत आली. उद्याची पुण्याची गाडी, आणि हा गडी अजून गप्पच! यानं एकदा तरी 'थांबा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटच्या संध्याकाळी हॉलच्या दारावर ओला रंग चमकत होता : 'एकीडो वर्ग (कायम)'.

"अहो, ऐकिडो!" ती हसत सुटली.

"सभासदांला त्ये समजंना. एकी म्हनलं, तवा समद्यांनी हात वर केले."

"पण अर्थ तोच निघतो, बरं का... जुळवून घेणं." मग ती हळूच म्हणाली, "पण कायम कसा? मी तर उद्या चालले."

मन्मथनं पुढे होऊन तिचं मनगट धरलं. घट्ट. पहिल्यांदाच.

"जाऊ नका... माझ्यासाठी."

सवयीनं तिचं पाऊल वळायला उचललं गेलं, आणि तिथंच थांबलं.

"पाडा की आता," तो डोळे मिटून म्हणाला.

"छे. आज कुठं नीट धरलंय तुम्ही... सोडू नका."