भिंतीकडची चौकट

खेळण्यातल्या आगगाडीला रूळ लागतात, डबे लागतात, एवढं कुणालाही कळतं. पण तिच्याखालच्या लाकडी चौकटींपायी दोन चांगले शहाणेसुरते भाऊ आयुष्यभर हुज्जत घालू शकतात, हे थोरल्याच्या बायकोला लग्नानंतर कळलं. पट्ट्यांची चौकट, वर प्लायवूड, खाली पाय. अशी एक चौकट दुसरीला बोल्टनं जोडायची आणि रूळ पुढे न्यायचे. जोडायच्या दोन पट्ट्या एकत्र आवळून दोन्हींतून एकदमच भोक पाडायचं, म्हणजे सांधा केसभरही चुकत नाही. ड्रिल बाहेर पडतं तिथं थोरला टाकाऊ लाकूड लावायचा. धाकटा कधीच लावायचा नाही, आणि भोकाच्या तोंडाशी कपच्या निघायच्या.

"उंदरानं कुरतडल्यासारखं केलंयस," थोरला करवादायचा.

"आतल्या बाजूला आहे रे दादा. कोण बघतंय तिथं?"

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि धाकटा गेला. थोरल्यानं आगगाडीच्या खोलीला कुलूपच घातलं. मग एक दिवस, कुणाला काही न सांगता, प्लायवूड घेऊन आला. शेवटची चौकट त्यानं एकट्यानं केली आणि भिंतीला लागून पायांवर उभी केली. रूळ इथंच संपायचे होते. त्यामुळे भिंतीकडच्या पट्टीला भोकं पाडायचा प्रश्नच नव्हता. भिंतीपलीकडे होतंच काय? दोन मजले खाली गल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पायांची उंची सारखी करायला चौकटीखाली शिरला, तर त्या पट्टीला दोन भोकं होती. कपच्या आतल्या बाजूला, त्याच्या तोंडासमोर. म्हणजे ड्रिल भिंतीकडून आलं होतं. त्यानं चौकट पुढे ओढून पाहिलं. भिंतीवर ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानं बायकोला हाक मारली.

"अहो, तुम्हीच पाडली असतील," ती म्हणाली. "हल्ली चष्मा कुठे ठेवता ते तरी आठवतं का तुम्हाला?"

"मी अशी पाडतो?"

तिनं वाकून पाहिलं. दिराचं काम तिलाही ओळखू यायचं.

"मोडून टाका ही चौकट," ती हळूच म्हणाली.

थोरल्याला ते ऐकू आलं, पण पटलं नाही. वर्षभर त्याला एकच हवं होतं, धाकट्याशी अजून एकदा भांडायचं. त्यानं चौकट परत भिंतीला लावली, सपाटी बघायला वर पाणसळ ठेवली आणि आतल्या बाजूनं भोकांत बोल्ट घातले. पट्टी संपली की ते भिंतीला अडायला हवे होते. ते थेट डोक्यापर्यंत आत गेले.

मग पलीकडून कुणीतरी नट आवळायला लागलं.

लाकूड करकरलं.

"पुरे रे," थोरला म्हणाला. "पट्टी फुटेल."

आवळणं थांबलं.

भिंतीकडचं टोक हळूच वर उचललं गेलं. पाणसळीतला बुडबुडा तिकडे सरकला. चौकट न्यायची असली की धाकटा असाच आधी आपलं टोक उचलायचा आणि दादाची वाट बघत उभा राहायचा.

थोरल्याचे हात आपोआप आपल्या टोकाखाली गेले.

बायकोनं मागून त्याचा सदरा धरला. "जाऊ नका हो. मी एकटी काय करू?"

त्याला धाकट्याकडे जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पण त्यानं हात काढून घेतले.

"ठेव खाली," तो कसाबसा म्हणाला. "मी नाही येत रे."

ते टोक थोडा वेळ तसंच राहिलं. मग सावकाश, आवाज न करता, खाली आलं.

थोरला तिथंच बसला आणि लहान पोरासारखा रडला. बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर तिनंच वाकून एक बोल्ट ओढला. तो अलगद निघाला. त्याला नट नव्हता. तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला.

बोल्टचं डोकं गार होतं. भिंतीत गेलेलं टोक कोमट होतं, कुणीतरी आत्ताच बोटांतून सोडल्यासारखं.