न वाढणाऱ्या भाड्याची खोली

८ ऑक्टोबर २०२३, रविवार. आभाळ मोकळं, दुपारी ऊन कडक, चारनंतर वाऱ्यात राईस मिलच्या कोंड्याचा वास.

मोनालीचं नर्सिंग कॉलेज उद्या सुरू होणार आणि आज सकाळपर्यंत माझ्या लेकीला गोंदियात राहायला जागा नव्हती. वसतिगृह भरलेलं. फुलचूरपासून रेल्वे लाइनपर्यंत मी अकरा खोल्या पाहिल्या. त्यांची नोंद मागच्या पानांवर आहे. सहा ठिकाणी भाडं दर करारात वाढणार होतं, म्हणजे दुसऱ्या वर्षी पोरीला शिक्षण सोडून गावी परत यावं लागलं असतं. पाच ठिकाणी आधी आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेल्याचं सांगितलं.

बारावी खोली मुर्रीत होती, बिसनलाल यांच्या घरामागे. कौलारू, एक खिडकी, सारवलेली भिंत. आत शिरताच ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास आला. माझी आई जन्मभर बिड्या वळायची. मला तो वास परका वाटला नाही.

"पहिलेच सांगून देतो, भाऊ," बिसनलाल म्हणाले. "भाडं आठशे. वाढत नाही."

"काऊन जी?"

"माह्या बाबुजीनं नीलाबाईले शब्द देला होता. बिड्या वळे ती इथं, एकटी. जोवर तू या खोलीत राहशील तोवर भाडं वाढणार नाही, असा."

"मग त्या कुठे गेल्या?"

बिसनलालनी चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवली. "मरून चार वर्षं झाले. पण खोली काही सोडली नाही तिनं..." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोघायले मी भाडं वाढवून खोली देली होती. ते बाहेर गेले का कडी आतून लागून जाये. आता मी वाढवतच नाही."

मोनाली हसली. "म्हणजे रूम पार्टनर पहिलेपासूनच आहे म्हणा."

"हास बाई. पण ते कोपऱ्यातलं पोतं हलवू नको."

"तुम्ही आडनाव नाही विचारलं," मी म्हणालो.

"नीलाबाईनं विचारलं तं सांगजा."

स्टॅम्पपेपर त्यांनी आणूनच ठेवला होता. मुदत अकरा महिने, भाडं आठशे. मी सही केली, मोनालीनं केली. त्यांची सही राहिली. चष्मा शेतावर राहिला होता. "सकाळी करतो," म्हणत ते गेले. कागद मी मोनालीच्या पुस्तकाखाली ठेवला.

मग माझ्या हातून चूक झाली. कोपऱ्यातल्या पोत्यात तेंदूपत्त्याचे मुडे, पानांच्या जुड्या, गुंडाळलेले होते, ओलसर. शेजारी पोरीची पुस्तकं राहणार, त्यांना ओल लागेल, म्हणून मी मुडे उकलून पोतं आणि पानं अंगणात कडक उन्हात पसरली. दोन तासांनी पुन्हा बांधून नेमकी त्याच जागी ठेवली. हलवलं असं कुणाला वाटू नये, इतकी नेमकी.

दिवेलागणीला मी खिळ्यावर आरसा टांगत होतो. मोनाली स्टोव्हवर भात करत होती. तेव्हा कोपऱ्यातून कैचीचा आवाज आला. कच... कच... मग थांबला. मग पान तडकल्याचा आवाज. पुन्हा कैची. पुन्हा पान तडकलं. कोपऱ्यात पोत्याशिवाय काही नव्हतं.

दाराकडे पाहिलं. कडी हळूहळू, अडखळत, आपोआप सरकत होती.

"मोनाली... बाहेर चल."

ती जागची हलली नाही. कान देऊन ऐकत होती. लहानपणी ती माझ्या आईच्या बिड्यांच्या सुपाजवळच झोपायची.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पान वाळून गेलं नीलाआजीचं. तुम्ही उन्हात टाकलं होतं का?"

मी हो म्हणून मान हलवली. कोरडं पान वळताना तुटतं. आई अशीच थांबायची, सुस्कारा टाकायची आणि कुणाला काही बोलायची नाही. आत्ताही कोपऱ्यात कुणीतरी तसाच सुस्कारा टाकला. मी आरसा भिंतीला टेकवून खाली ठेवला.

मोनालीनं तांब्या घेतला, पोत्यापाशी उकिडवी बसली आणि ओंजळीनं पाणी शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. वरून फडकं ओलं करून पांघरलं, बाळाला पांघरावं तसं.

"आजी, बाबाले समजत नाही. ते लय टापटीप करतात. मी रोज ओलं करत जाईन... राहू द्या ना मले इथं."

नुसता स्टोव्हचा आवाज. मग कैची पुन्हा सुरू झाली, सरळ, एका लयीत, पान न तुटता. कडी जिथं होती तिथंच अर्धवट थांबली होती.

"भात लागला, बाबा," मोनाली म्हणाली आणि स्टोव्हकडे पळाली. करपलेला भात आम्ही जेवलो. पहिला घास तिनं कोपऱ्यात ठेवला.

९ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी किंचित धुकं. पुस्तक उचलून कागद काढला. आमच्या दोन सह्यांखाली अंगठ्याचा एक ठसा होता, तपकिरी पिवळा, मधोमध आडवी चीर. हुंगून पाहिला. तंबाखू. बिसनलालनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, आतून बायकोला, ओमेश्वरीबाईंना, बोलावून दाखवला आणि त्याच्याखाली आपली सही केली. मोनाली साडेनऊला कॉलेजला गेली.

८ सप्टेंबर २०२४, रविवार. तीन दिवसांपासून झड, ऊन नाही. नवा करार काल संध्याकाळी लिहिला, आज सकाळी उघडला. मुदत अकरा महिने. भाडं आठशे. भाडेकरू तीन. तिसऱ्याचा अंगठा अजून ओला आहे.