पहिले चार सेकंद

दिवा राहू दे. गच्चीवर एवढा उजेड पुरे. आणि हे कुणी बसल्या जागी रचलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं त्यानं माझ्या दारात उभं राहून सांगितलंय. माझा शाळेपासूनचा मित्र तो. आपण त्याला आवाजवाला म्हणू, कारण त्याचं नाव मी तोंडातून काढणार नाही.

चिमे, तू जवळ ये. तुझ्या बाबाचीच गोष्ट आहे.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे हिचा बाप, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी गोष्टी वाचून ठेवायचा. आवाजवाल्याकडे एक खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. तिथे दोघांनी मिळून बेचाळीस गोष्टी रेकॉर्ड केल्या. ओळख मीच करून दिली होती, हे माझं शहाणपण.

लहानपणी झाडावरून पडून भावाचं नाक मोडलं होतं. त्यामुळे वाचायला लागण्याआधी तो श्वास घ्यायचा तेव्हा बारीक शिट्टी वाजायची. मग म्हणायचा, "मी अमुक अमुक, तुम्हाला गोष्ट वाचून दाखवतोय." प्रत्येक गोष्टीला हीच सुरुवात. मोजून चार सेकंद.

पुढे त्याला घशाचं दुखणं झालं. बोलणं बंद झालं तेव्हा त्यानं आवाजवाल्याला कागदावर लिहून दिलं, "वेबसाइटवर टाक. पोरगी मोठी झाली की ऐकेल." तो कागद छातीशी धरून आवाजवाला ढसाढसा रडला. मी समोर होतो.

भाऊ गेला. चिमे, तू दोन वर्षांची होतीस.

सहा महिन्यांनी एका वेबसाइटचा मालक आवाजवाल्याला म्हणाला, "गोष्टी घेतो. पण गेलेल्या माणसाचं नाव कशाला? पुढच्या गोष्टी कोण वाचणार? तुमचंच नाव घाला, कायमचं काम देतो." आणि यानं घातलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे.

मार्चमधला शेवटचा शनिवार. संध्याकाळी साडेसातला तो कामाला बसला. काम साधंच. मूळ फाइली जड असतात, वेबसाइटवर अडकत अडकत वाजतात. म्हणून त्या दाबून लहान करायच्या. कानाला जे जाणवत नाही ते त्यात गळून जातं आणि गळालेलं परत मिळत नाही. यानं आधी भावाचे पहिले चार सेकंद कापले आणि तिथे स्वतःच्या आवाजात स्वतःचं नाव जोडलं. बेचाळीस वेळा. मग फाइली दाबल्या, आणि मागे पुरावा नको म्हणून, नव्या फाइली ऐकून बघायच्या आधीच मूळ फाइली पुसून टाकल्या. त्या धंद्यातलं शेंबडं पोरही असं करत नाही.

काय म्हणतोस भाच्या? बॅकअप? चोर कधी बॅकअप ठेवतो का रे?

पावणेनऊला त्यानं पहिली फाइल लावली. कानांवर हेडफोन. आता आपलं नाव ऐकू येणार म्हणून सावरून बसला.

नाव आलं नाही.

चार सेकंद नुसता श्वास. बारीक शिट्टीचा. मग गोष्ट सुरू झाली.

त्यानं नाव पुन्हा जोडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा लावलं. श्वास. दुसरी फाइल... श्वास. दहावी... श्वास.

त्यानं हेडफोन काढला. तरी येत होता. वायर उपटली. तरी... आधी कानात होता. आता मानेवर.

गाद्यांची खोली. बाहेरचं काही आत येत नाही.

"चुकलो रे," आवाजवाला म्हणाला.

श्वास आत गेला... बोलायच्या आधी घेतात तसा. आणि बाहेर आलाच नाही.

मग यानं काय केलं असेल? माफी मागितली, नाव परत घातलं? नाही. घाबरून त्या बेचाळीसही फाइली पुसल्या आणि साडेनऊला माझ्या दारात आला. मी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. भुताचं मला काही वाटलं नाही पोरांनो. मित्रानं हे केलं, ते आज चौदा वर्षं झाली तरी गिळता येत नाही. चिमे, तुझ्यासाठी ठेवलेलं तेवढंच होतं.

खोटं वाटतंय? काल त्यानं नव्या नंबरवरून मला मेसेज ठेवलाय. चिमीची माफी मागायचीय म्हणे. लावतो, ऐका.

"अरे, मी...

...

...बोलतोय. नंबर बदललाय."

नाव ऐकलं कुणी? भाच्या, रेंज गेली असेल म्हणतोस. मीही आधी तेच म्हणालो. परत लावतो. आता नाव सोडा, मधलं ऐका.

...

आता कळलं ना, मी तो मेसेज का पुसला नाही.

रडू नकोस, चिमे. हा घे फोन. कानाला लाव.